चाकांवरचे बिऱ्हाड, मंगळवेढ्याचे पेव

मंगळवेढा हे साठवणीचे गाव आहे. पंढरपूर मागे टाकून पंचवीसेक किलोमीटर आले की दोन्ही अंगांना काळी जमीन पसरते, आणि पौषात तिच्यावर ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पावसाळा सरता सरता पेरलेले हे पीक पुढे पावसाची वाट पाहत नाही. मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ते वाढते. निघालेले धान्य पूर्वी जमिनीत पेव खणून ठेवीत. आणि गावाचे संत कोण, तर दुष्काळात बादशाही कोठारे भुकेल्यांना खुली करणारे दामाजीपंत!

अशा गावी गेल्या पौषात आम्ही गेलो ते चाकांवरचे बिऱ्हाड घेऊन. राज्य शासनाने २०२१ साली कॅरावॅन पर्यटनाचे धोरण आणले. तसली एक गाडी आम्ही चार दिवस भाड्याने घेतली होती. बरोबर सौभाग्यवती, दोन मुले, पुतण्या आणि आत्या. आत्यांना मधुमेह. त्यांच्या इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत राहायला हव्यात, म्हणून गाडीत फ्रीज आहे याची खात्री करूनच त्या निघाल्या.

पुतण्याने गाडीत शिरताच सॉकेटे मोजली. सात भरली. "काका, अगदी घरच्यासारखं आहे!" तो म्हणाला.

दिसायला तसेच होते खरे. पण घरच्या सॉकेटमागे कोयना उभी असते. गाडीतल्या सॉकेटमागे असते बाकाखालची एक पेटी. ती बॅटरी म्हणजे पेवच. जेवढे भरले तेवढेच निघणार. आमची लिथियमची बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची होती. दोहोंचा गुणाकार १२०० वॉट-तास. त्यांतले हजारेक खुशाल वापरावेत. जुन्या शिशाच्या बॅटरीतून मात्र निम्म्याहून अधिक काढू नये. तिचे आयुष्य घटते.

खर्चाचा हिशेब वाणसामानाच्या यादीइतका सोपा. वस्तूचे वॉट गुणिले चालण्याचे तास. ३० वॉटचा पंखा आठ तास चालला, २४० गेले. पाच वॉटचे दोन दिवे पाच तास, ५०. चार मोबाइल, साधारण ६०. गाडीचा छोटा फ्रीज ४५ वॉटचा. पण तो थांबून थांबून चालतो, म्हणून अहोरात्रीचे ३६० धरावेत. एकूण सातशेच्या आसपास. एक दिवस सुखाने जातो, दुसऱ्या दिवशी भर घालावी लागते.

सॉकेटांच्याही जाती आहेत. पुढच्या बाजूचे गोल भोक १२ व्होल्टचे. तिथे बहुधा १० अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे १२० वॉटपुढे जायचे नाही. तीन पिनांची घरगुती सॉकेटे २३० व्होल्टची. त्यांतली काही इन्व्हर्टरवर चालतात, तर काही बाहेरून वायर जोडल्यावरच जिवंत होतात. कोणते कशावर, हे गाडी ताब्यात घेतानाच मालकाला विचारून घ्यावे.

इंजिन सुरू करणारी बॅटरी निराळी असते. तिला बियाण्याची ज्वारी समजावे. घरात कितीही ओढ असली तरी शेतकरी बियाण्याला हात लावीत नाही. दिवे-पंखे तिच्यावर चालवले, तर सकाळी गाडी जागची हलत नाही.

संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्यांच्या खळ्याशेजारी मुक्काम केला. हुरडा झाला. थंडी पडली. पुतण्याने पिशवीतून विजेची केटली काढली. तळाशी लिहिले होते १५०० वॉट. आमचा इन्व्हर्टर होता १००० वॉटचा.

"लिटरभर पाण्याला किती जातील?" सौभाग्यवतींनी विचारले.

"शंभरेक वॉट-तास," मी म्हणालो, "पण त्याआधी इन्व्हर्टरच मान टाकील. १२ व्होल्टांवर १५०० वॉट म्हणजे सव्वाशे अँपिअर!"

आत्या म्हणाल्या, "आणि माझा फ्रीज?"

केटली पिशवीत गेली. चहा गॅसवर झाला. उष्णता करायची ती गॅसने, हा गाडीतला पहिला नियम समजावा. केटली, इस्त्री, केस वाळवायचे यंत्र ही मंडळी पेव एका घासात रिकामे करणारी.

आमची बोलणी ऐकून घरधनी म्हणाले, "दादा, लावा की वायर आमच्या घरात!"

माणसे मोठ्या मनाची. पण आधी सॉकेट पाहिले. लहान भोकांचे सहा अँपिअरचे. म्हणजे जेमतेम १३८० वॉट. तिसऱ्या, मोठ्या भोकात अर्थिंग खरोखर आहे का, हे चाचणीच्या छोट्या प्लगाने तपासले. अर्थिंग नव्हते. गाडीचे अंग लोखंडी. आत कुठे वायर सोललेली असती, तर ओल्या पायांनी दाराला हात लावणाऱ्या पोराला झटका बसला असता. तेव्हा घरधन्यांचे आभार मानून आम्ही बॅटरीवरच रात्र काढली. अर्थिंग असले तरी गाडीत ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक स्विच असावाच, आणि वायर रिळावर गुंडाळलेली न ठेवता पुरती उलगडावी. गुंडाळी भाराने आतल्या आत तापते. खांबावर आकडा टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर हात जोडून निघावे!

रात्री थंडी होती म्हणून पंखा लागलाच नाही. एक दिवा, चार मोबाइल आणि फ्रीज. पहाटे आत्यांनी स्वतः उठून फ्रीजमधला तापमापक पाहिला: पाच अंश.

आठ वाजता ऊन टपावरच्या पट्ट्यांवर आले. २०० वॉटच्या पट्ट्या हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी सहा-सातशे वॉट-तास देतात. गाडी चालू झाली की इंजिनही भर घालते. काल गेलेले बरेचसे परत येणार होते. पुतण्या आता आकडे पाहत बसला होता आणि मुलांना दटावीत होता, "दिवा बंद कर, आजीचा फ्रीज आहे."

आम्ही गावात जाऊन दामाजीपंतांच्या मंदिरात दर्शन घेतले. कोठार कोणासाठी उघडावे, हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते. दुपारी मालदांडीच्या भाकरी बांधून घेतल्या आणि सोलापूरच्या वाटेला लागलो.