आधार आणि उपकार

आपल्या भाषेंत कांहीं शब्द असे येऊन बसतात कीं, ते ऐकतांना प्रथम हंसूं येतें आणि मागाहून विचार करावासा वाटतो. ‘पंचतारांकित औद्योगिक वसाहत’ हा त्यांतलाच एक. पंचतारांकित म्हटलें कीं डोळ्यांपुढें गालिचे, झुंबरें आणि अदबीनें दार उघडणारे दरवान उभे राहतात. कागलजवळच्या ह्या वसाहतींत मात्र रुंद रस्ते आहेत, विजेचे खांब आहेत, पत्र्याच्या उंच छपरांखालीं अहोरात्र चालणारीं यंत्रें आहेत, आणि वाऱ्याबरोबर येणारा तापल्या तेलाचा वास आहे. रस्ते, पाणी, वीज यांची सोय जेथें उत्तम, त्या वसाहतीला तारे अधिक, असा हा साधारण हिशोब. हिशोबांत वावगें कांहींच नाहीं. यंत्रांची सोय झाल्यावांचून कारखाने चालत नाहींत. पण माणसांच्या सोयीबद्दलहि एखादा तारा राखून ठेवावयाचा झाला, तर तो कोणत्या वसाहतीला द्यावा, असा प्रश्न माझ्या मनांत कित्येक दिवस घोळत आहे.

सकाळच्या पाळीची वेळ पाहण्यासारखी असते. हमरस्त्याच्या फांट्यावर मोटारसायकलींची रीघ लागते. कारखान्यांच्या मोटारी माणसें उतरवून पुढें जातात. हातांत जेवणाचा डबा आणि गळ्यांत ओळखपत्र अडकविलेलीं तरुण मुलें-मुली झपझप पावलें टाकीत फाटकाकडे चालूं लागतात. ह्या गर्दींत कोण आहे हें कोणीहि सांगेल. कोण नाहीं याचा विचार सहसा मनांत येत नाहीं. मी मुद्दाम पाहूं लागलों, तेव्हां दोन-तीन सकाळीं मिळून माझ्या दृष्टीस लंगडत चालणारा एक तरुण तेवढा पडला. २०११ च्या शिरगणतींत आपल्या देशांत २ कोटि ६८ लक्ष अपंग माणसें नोंदलीं गेलीं. त्यांपैकीं कांहींना कांहीं काम करणारीं शेंकडा ३६ होतीं. पुरुषांत शेंकडा ४७, आणि स्त्रियांत अवघीं शेंकडा २३. उरलेलीं कोठें असतात? तीं घरांत असतात. माजघरांत, ओसरीवर, खिडकीशीं बसून तीं हीच गर्दी जातांना पाहत असतात.

ह्या माणसांना नांवें देण्याच्या बाबतींत मात्र आपण कधींच कंजूषपणा केला नाहीं. पांगळा म्हणणें बरें दिसेना, तेव्हां आपण अपंग म्हणूं लागलों. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनीं ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला, आणि तोहि आतां कागदोपत्रीं रूढ झाला. शब्द चढत गेले याचा मला आनंदच आहे. परंतु महिन्याच्या सात तारखेला हातांत पडणाऱ्या पगाराइतका आदरार्थी शब्द अजून कोणत्याहि कोशकाराला सांपडलेला नाहीं, असें माझें नम्र मत आहे.

कागलच्या भूमीवर उभें राहून हा विषय काढतांना एका पुरुषाची आठवण न होणें अशक्य आहे. येथील घाटग्यांच्या घराण्यांत १८७४ सालीं जन्मलेला मुलगा पुढें कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला, आणि १९०२ सालीं त्या शाहू महाराजांनीं आपल्या संस्थानांतील नोकऱ्यांत शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवल्या. हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या हुकुमाच्या आदल्याच वर्षापासून त्यांनीं कोल्हापुरांत विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उघडण्यास आरंभ केला होता, ह्या गोष्टीचा संबंध आपण त्या हुकुमाशीं पुरेसा जोडीत नाहीं. नुसतें दार उघडून भागत नाहीं, दारापर्यंत पोंचण्याची वाटहि बांधावी लागते, हें त्या राजानें ओळखलें होतें. गंगाराम कांबळ्यांची हकीकत तर याहून बोलकी आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या ह्या माणसाला महाराजांनीं चहाचें दुकान घालण्यास साहाय्य केलें. पण त्या दुकानांत गिऱ्हाईक कोठून येणार? तेव्हां महाराज स्वतः तेथें आपली गाडी थांबवूं लागले, चहा मागवूं लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाहि पाजूं लागले. भांडवल देऊन ते मोकळे झाले असते, तर तो उपकार झाला असता. धंदा चालूं लागेपर्यंत ते शेजारीं उभे राहिले, याला मी आधार म्हणतों. उपकार एका दिवसांत करतां येतो. आधाराला दिवस मोजून चालत नाहीं.

ह्याच कोल्हापुरांत त्या परंपरेला शोभेल असें काम एका स्त्रीनें केलें. ऐन उमलत्या वयांत नसीमा हुरजूक यांचें कमरेखालचें शरीर निकामी झालें. स्वतः तशाच स्थितींतून उभे राहिलेले बाबूकाका दिवाण त्यांना भेटले, आणि अंथरुणावरची ती मुलगी पुढें सरकारी नोकरींत रुजू झाली. १९८४ सालीं सहकाऱ्यांबरोबर त्यांनीं ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. त्यांच्या आत्मकथेचें नांवच ‘चाकाची खुर्ची’ आहे. त्यांच्या कार्याविषयीं वाचतांना मला विशेष वाटलें तें हें कीं, मुलांना केवळ आसरा देऊन ही संस्था थांबली नाहीं. राहण्याची जागा, शाळा आणि हाताला काम ही सांखळी तिनें जोडली. सांखळींतली एक कडी नसेल तर उरलेल्या कड्या कितीहि भक्कम असोत, ओझें उचललें जात नाहीं.

कायद्यानेंहि आपलें पाऊल पुढें टाकलें आहे. १९९५ च्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत शेंकडा ३ जागा राखल्या. त्या अंध, बधिर आणि हातापायांनीं अधू अशांसाठीं होत्या. बुद्धीनें मंद असलेल्यांना त्यांत वांटाच नव्हता. २०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, जागा शेंकडा ४ केल्या, आणि त्यांतील एक हिस्सा स्वमग्न, मनोरुग्ण आणि बुद्धीनें मंद अशा माणसांसाठीं प्रथमच ठेवला. खाजगी कारखान्यांवर मात्र सक्ती नाहीं. ज्यांच्या नोकरवर्गांत निदान शेंकडा ५ अशीं माणसें असतील, त्यांना सरकारनें उत्तेजन द्यावें, एवढेंच तो कायदा सांगतो. म्हणजे कागलच्या वसाहतींत हा प्रश्न अखेर मालकाच्या आणि मुकादमाच्या मनापाशीं येऊन थांबतो.

आतां माझ्या घरचीच गोष्ट सांगतों. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. अंगानें धडधाकट, स्वभावानें गोड. पण दहाच्या पुढें त्याला मोजतां येत नाहीं, आणि रोजच्या क्रमांत थोडा फरक पडला कीं तो गांगरतो. त्याला प्रथम एका दूरच्या कारखान्यांत नोकरी लागली, तेव्हां आम्हीं पेढे वांटले. महिन्याभरानें कळलें कीं, त्याला काम असें कांहींच दिलेलें नाहीं. फाटकाजवळच्या खोलींत एक खुर्ची दिली होती. तींत तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसे, आणि महिनाअखेर पगार मिळे. मालकाचा हेतु वाईट नसेल. पण एके दिवशीं मुलगा आईला म्हणाला, “आई, मी तिथें काय करतों?” बहीण माझ्याकडे आली आणि म्हणाली, “दादा, तो घरीं बसला तरी चालेल. पण पगार घेऊन बसवलेला मला पाहवत नाहीं.”

मजुरीवांचून राबविणें हा अन्याय आहे हें आपल्याला कळतें. कामावांचून मजुरी देणें हाहि एक अन्याय असूं शकतो, हें मला त्या दिवशीं कळलें. त्या खुर्चीनें त्याला महिन्याचे पैसे दिले आणि त्याबरोबर, तुझी येथें कोणाला गरज नाहीं, हेंहि रोज आठ तास सांगितलें.

पाश्चात्य देशांत या प्रश्नाचीं दोन उत्तरें शोधलीं गेलीं. पहिलें उत्तर असें कीं, अशा माणसांसाठीं निराळे कारखाने काढावे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्यें ‘रेम्प्लॉय’ या नांवानें असे कारखाने निघाले. त्यांतला पहिला १९४६ सालीं सुरू झाला आणि शेवटचे २०१३ सालीं बंद पडले. तेथें हजारोंना काम मिळालें हें खरें, आणि ते बंद झाले तेव्हां कामगारांना वाईटहि वाटलें; पण चार भिंतींच्या आंत तो एक वेगळा वाडाच राहिला. दुसरें उत्तर अमेरिकेंत पुढें आलें आणि १९८६ सालीं तेथील कायद्यांत त्याला स्थान मिळालें. आधीं वर्षानुवर्षें शिकवा आणि मग नोकरी पाहा, हा जुना क्रम त्यांनीं उलटा केला. आधीं चारचौघांच्या कारखान्यांत, चारचौघांच्या मजुरीवर जागा मिळवा. मग त्या जागेवरच, शेजारीं उभें राहून शिकवा. आणि शिकून झाल्यावरहि हांक मारतांच येतां येईल इतक्या अंतरावर राहा. आपल्याकडे याला ‘आधारयुक्त रोजगार’ म्हणतां येईल. पोहणें काठावर शिकतां येत नाहीं, हें आपल्याकडच्या विहिरींवर वाढलेल्या कोणाहि पोराला ठाऊक असलेलें तत्त्वच हें आहे. मात्र पोहणाऱ्या पोराच्या पाठीला भोपळा बांधावा लागतो, हेंहि त्याच पोराला ठाऊक असतें.

भाच्याच्या बाबतींत हा भोपळा झाली त्याच्या विशेष शाळेंतील एक बाई. कागलच्या बाजूला एका लहानशा कारखान्यांत धातूचे बुश खोक्यांत भरण्याचें काम होतें. एका खोक्यांत चोवीस. ज्याला दहाच्या पुढें मोजतां येत नाहीं त्यानें चोवीस कसे मोजावे? बाईंनीं सुताराकडून चोवीस खांचांची एक लांकडी फळी करून आणली. सगळ्या खांचा भरल्या कीं फळी खोक्यांत रिकामी करावयाची. मोजण्याचा प्रश्नच उरला नाहीं! गंमत अशी कीं, पुढें शेजारच्या टेबलावरच्या मुलींनींहि तशा फळ्या मागून घेतल्या, कारण बोलतां बोलतां मोजणी चुकण्याची भीति त्यांनाहि होतीच.

काम अशा तऱ्हेनें आठवड्याभरांत जमलें. न जमलेलें निराळेंच होतें. जेवणाच्या सुट्टींत कोठें बसावें, कोणाशीं बोलावें, भोंगा पुन्हां वाजेपर्यंत हातांचें काय करावें, हें त्याला उमजेना. बाई पहिले पंधरा दिवस त्याच्याबरोबर एस. टी.नें गेल्या, पुढें एक दिवसाआड, पुढें आठवड्यांतून एकदां. तोंवर तेथल्या एका वयस्क कामगार बाईनें त्याला आपल्या पंगतींत ओढलें. ती त्याची ‘मावशी’ झाली, आणि त्याच्या डब्यांतली भाजी चाखून नांवें ठेवण्याचा अधिकारहि तिनें आपण होऊन घेतला. सातव्या महिन्यांत पाळीची वेळ बदलली, तेव्हां तो पुन्हां बावरला. रडकुंडीस येऊन घरीं बसला. मागच्या वेळीं तेथेंच सारें संपलें असतें. ह्या वेळीं मुकादमानें बाईंना फोन केला, बाई तीन दिवस नव्या पाळीला त्याच्याबरोबर गेल्या, आणि गाडी पुन्हां रुळावर आली. ह्या तीन दिवसांची तरतूद हीच सबंध योजनेची किल्ली आहे, असें मला वाटतें.

कारखानदार मंडळी म्हणतील, हें सारें ठीक. पण यंत्रें धोक्याचीं असतात, आणि आम्ही धर्मशाळा उघडलेली नाहीं. दोन्ही गोष्टी मान्य आहेत. भट्टीपुढें कोणालाहि उभें करा असें कोणी म्हणत नाहीं. परंतु एका कुशल कारागिराच्या आठ तासांत भरणें, पुसणें, रचणें, चिठ्ठ्या चिकटविणें अशीं कामें किती असतात, याचा हिशोब त्यांनीं एकदां काढून पाहावा. तीं वेगळीं काढलीं तर एका माणसाची मजुरी निघते, आणि कारागिराचे तास त्याच्या कसबासाठीं मोकळे होतात. राहतां राहिला प्रश्न बाईंसारख्या माणसांच्या वेतनाचा. तें कोणा एका मालकावर टाकणें न्याय्य नाहीं. सरकार, संस्था आणि सबंध वसाहत यांनीं मिळून तें सोसावें. आजारी यंत्राकडे धांवणारा मिस्त्री वसाहतीला परवडतो. मग गांगरलेल्या माणसाकडे धांवणारें कोणी कां परवडूं नये?

माझ्या बहिणीसारख्या प्रत्येक आईच्या मनांत एकच प्रश्न असतो: “माझ्यामागें याचें कसें?” १९९९ च्या एका कायद्यानें अशा मुलांना पालक नेमून देण्याची सोय केली आहे, आणि ती मोलाची आहे. पण कायद्यानें नेमलेला पालक कागदावर सही करील. दुपारीं डब्यांतल्या भाजीला नांवें कोण ठेवील? तें काम मावशी करते. आई जेव्हां अशा एकेका माणसाची मनांत मोजणी करूं लागते, तेव्हां त्या प्रश्नाची धार थोडी बोथट होते. तो अगदीं नाहींसा होत नाहीं. परवांहि तिनें मला तो विचारलाच.

मिरजेकडचे पानमळे ज्यांनीं पाहिले असतील त्यांना शेवरीवर चढलेला पानवेल आठवेल. वेल चांगला वाढला म्हणून कोणी शेतकरी शेवरी उपटून टाकीत नाहीं. आणि शेवरी लागते म्हणून कोणी वेलाला दुबळाहि म्हणत नाहीं. पानें वेलाचींच असतात, आणि बाजारांत त्यांना वेलाचाच भाव येतो.