ससे, डास आणि एक फासा

मैत्रिणींनो, साठी उलटलेली बाई व्हिडिओ गेम करते म्हटल्यावर तुम्ही हसाल. खुशाल हसा! नागपूरला मी ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आता भाची आणि तिचे दोन मित्र माझ्या जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून बसतात. भाची प्रोग्रॅम लिहिते, एक जण चित्रं काढतो, दुसरा आवाजाचं बघतो. माझ्याकडे जीवशास्त्र आणि चहा! कचेरी नाही, पगार नाही. झुरिकच्या 'स्ट्रे फॉन स्टुडिओ' या छोट्याशा चमूनं २०१७ साली 'निश' हा आनुवंशिकतेवरचा खेळ पुरा केला. तो खेळून तिघांना हुरूप आलाय.

आमच्या खेळात सशांचं गाव आहे, विषय मात्र आपल्या विदर्भातला : सिकलसेल. आईकडून एक आणि बापाकडून एक असं दोन्हीकडून सदोष जनुक आलं, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं ठणकतात. एकच आलं तर मूल नुसतं वाहक, सहसा ठणठणीत. उलट गंभीर मलेरियापासून वाहकांचा बराच बचाव होतो, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. म्हणून आमच्या गावाला लागून दलदल आणि डास. दलदल बुजवली तरी जनुक मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहतंच, बरं का!

वाद पेटला तो जन्माच्या नियमावरून. आईबाप दोघंही वाहक असले, तर पिल्लू आजारी निघण्याची शक्यता चारात एक. भाचीनं हिशेब असा बसवला होता, की एक आजारी झालं की पुढची तीन सुटली.

"मावशी, लागोपाठ दोन आजारी निघाली तर खेळणारा वैतागतो गं. खेळच बंद करतो."

तिचंही खरं होतं. पण मला माझी एक जुनी विद्यार्थिनी आठवत होती. पहिली मुलगी आजारी, पुन्हा दिवस गेलेले. म्हणाली, "बाई, एक झाली ना, आता तिघं चांगलीच होतील." कुणीतरी तिला तसंच समजावलं होतं. दर खेपेला फासा नव्यानं पडतो, मागचं दान त्याला ठाऊक नसतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी हटून बसले. दोन दिवस घरात अबोला! शेवटी तोडगा निघाला तो चित्रं काढणाऱ्याकडून : प्रत्येक जन्माआधी पडद्यावर फासा पडताना दिसायचा. आता खेळणारे वैतागतात, पण फाशावर.

आणखी एक बदल मी करून घेतला. आजारी पिल्लाशेजारी फक्त आईची खूण होती. का, तर चित्रात पिल्लं आईजवळ असतात म्हणे! आता खुणा दोघांच्या. सासरी ठपका कुणावर येतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

सध्या आवाजाचं काम अडलंय. दुखणारा ससा कण्हेल, की नुसता गप्प बसेल, यावर तिघांचं अजून जमत नाहीये.