म्हशाच्या वाटेवरील पालवी

पौष पौर्णिमेला भरणारी म्हशाची जत्रा ठाणे जिल्ह्यातील व्यापारी घराण्यांना नवी नाही. खांबलिंगेश्वराचे दर्शन, घोंगड्यांची दुकाने आणि बैलांचा मोठा बाजार! तेथे गिऱ्हाईक बैलाचे दात, शिंगे, खूर तपासल्यावाचून व्यवहार करीत नाही. दोन बैल सारखे असतात, असे तेथे कोणी म्हणणार नाही. झाडांबाबत मात्र ही चोखंदळ नजर सहसा वापरली जात नाही.

जत्रा उठून दीड-दोन महिने लोटले, की मुरबाडहून म्हशामार्गे गोरखगड, सिद्धगडाकडे जाणाऱ्याने ती नजर सोबत घ्यावी. फाल्गुनात कोशिंबाला नवी पालवी फुटते. दुरून झाड फुलल्याचा भास होतो. जवळ गेल्यावर कळते की ती फुले नव्हेत, कोवळी पाने आहेत. एक झाड गडद लाल, दुसरे तांबूस, तर तिसऱ्यावरची लाली उतरून हिरवा रंग चढू लागलेला. कोवळ्या पानात हरितद्रव्य अपुरे असते आणि लाल रंगद्रव्य अधिक. ते नाजूक पानाला प्रखर उन्हापासून सांभाळते, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. (याच कोशिंबावर उत्तम लाख पोसली जाते, लाक्षावाणिज्य श्रावकाला वर्ज्य का, हे वाचकांस सांगणे नलगे.)

अशा भेदांचा सर्वांत नामांकित नमुना हवाई बेटांवर आहे. तेथील ओहिया हा वृक्ष आपल्या जांभळाच्याच कुळातला. काही झाडांच्या पानकळ्या लाल व गुळगुळीत, तर काहींच्या रुपेरी लवेने मढलेल्या. समुद्रकाठापासून दोन हजार मीटरांहून उंच डोंगरापर्यंत आणि ताज्या लाव्हावरही तो उगवतो. शास्त्रीय नावातच त्याला ‘बहुरूपी’ म्हटले आहे. तेथील लोक त्या कळ्यांना ‘लिको’ म्हणतात आणि हारांत गुंफतात.

आपल्याकडे हा फरक समजण्यास आंबा पुरेसा आहे. हापूसची सर्व कलमे एकाच जातीची, म्हणून त्यांची पालवी बहुधा एकाच छटेची. बांधावरचे रायवळ आंबे कोयीतून उगवलेले. त्यांत एकाची पालवी पोपटी, दुसऱ्याची तांबूस, तिसऱ्याची जांभळट. फळांची चव आणि मोहराची वेळही वेगळी. अवेळी पावसाने एकाचा मोहर गळाला, तरी मागाहून मोहरणारा हाती काही ठेवतो. म्हणून जुना रायवळ इमारती किंवा जळाऊ लाकडाच्या भावाने विकताना हिशेब अपुरा राहतो. त्याच्या जागी दहा कलमे लावता येतील. तेच झाड कोयीतून पुन्हा मिळणार नाही. तोडण्यापूर्वी त्याच्या डोळकाडीचे कलम बांधून घेणे, एवढे मात्र शेतमालकाला सहज जमते.