शेजारणीची गोळी

काशीतील ब्रह्मा घाटाच्या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. तेथील आमच्या घरी धाकट्या जावेने शेजारणीचे पाहून संततिनियमनाची गोळी सुरू केली. पुढे तिचे डोके ठणकू लागले. रक्तदाब पाहिला, तो बराच चढलेला! गोळीआधी तो कोणी मोजलाच नव्हता.

इस्ट्रोजेनयुक्त गोळीने रक्तदाब वाढू शकतो, क्वचित शिरेत रक्ताची गुठळी होते. पस्तिशीपुढे धूम्रपान करणारीस धोका अधिक. तथापि, बीजकोशाच्या कर्करोगाचा संभव हीच गोळी घटविते, हेही खरे. डॉक्टरीणबाईंनी जावेला तपासून लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, इस्ट्रोजेन नसलेली ‘छाया’ दिली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. दिनदर्शिकेवर खुणा मीच करते.