चासाच्या हद्दीबाहेर

गडचांदूरहून अमलनाल्याच्या धरणाकडे निघालं की सिमेंट कारखान्यांची धुराडी मागे पडतात आणि समोर माणिकगडचे डोंगर निळसर होत जातात. या वाटेवर मी चास शोधतो. कुणी त्याला नीळकंठ म्हणतं, दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतं. तारेवर बसलेला चास तसा मातकटच, आपल्याच विचारात गढलेला. पंख उघडले की मात्र गडद आणि फिकी निळाई एकदम झळाळून उठते. कॅमेरा हातात असला की माझी चलबिचल इथंच सुरू होते. तो उडायला तर हवा, पण उडून जायला नको.

अंतराचं गणित निष्ठुर आहे. अंतर दुप्पट झालं की पक्षी चौकटीतली चौथाईच जागा व्यापतो. 600 मिलिमीटरची लेन्स लावली, तरी दुपारी तापलेल्या रानावरची हवा थरथरत असते आणि तिच्यातून पिसांच्या कडा विरघळून येतात. महागातली महाग लेन्सही तिथे हात टेकते. बरं, जवळ जावं तर तिथे वेगळाच पेच. पाच मीटरवरून याच लेन्सला जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर खोलीचा पट्टा रेखीव दिसतो. डोळा साधला की शेपूट धूसर.

आणि पक्ष्याचं स्वतःचंही एक मोजमाप असतं. किती जवळ आलेल्याला सोसायचं आणि कुठे पळ काढायचा, याचं प्रत्येक प्राण्याचं एक अंतर असतं, हे हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञानं मांडलं. येणारा कोण, यावरही ते ठरतं. धरणाकाठी चरणाऱ्या गाईच्या पायांत गायबगळा खुशाल वावरतो. मी दोन पावलं टाकली की मान ताणतो. इंग्लंडातल्या रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी हे ओळखलं होतं. पक्षी टिपण्यासाठी ते चक्क बैलाच्या कातड्याच्या पोकळ सोंगात शिरून बसत.

मला बैल होणं जमणार नाही. बसून राहणं जमतं. चास तारेवरून खालचं गवत न्याहाळत असतो. नाकतोडा दिसला की झेपावतो आणि बरेचदा त्याच जागी परततो. आपण त्याच्या हद्दीबाहेर, ऊन पाठीशी घेऊन थांबलो, तर ती निळाई तो आपल्या भुकेपोटी उघडतो. दगड भिरकावून उडवलेल्या चासाच्या फोटोत बहुधा पाठ आणि घाई एवढंच उरतं.

विणीच्या दिवसांत तर ही हद्द आणखी जपावी लागते. टिटवी उघड्या खडकाळ जमिनीवर अंडी घालते आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून ती गार ठेवते. आपल्या धाकानं ती अंड्यांपासून लांब राहिली, तर आत वाढणारा जीव उन्हात भाजून निघतो. म्हणून टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की कॅमेरा खाली करावा आणि आल्या वाटेनं मागे फिरावं. पक्ष्याला उठवून मिळणारा फोटो कितीही देखणा असो, तो सोडून द्यावा.