पायाशी लागलेली धग

आमच्या धर्मग्रामाची गाडी म्हातारी आहे, हे ज्या वाचकांनी तिला कधी ना कधी ढकलले आहे त्यांना आम्ही सांगावयास नको. खानापूर तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर मिस्सेसाठी, आजाऱ्यांच्या अभ्यंगासाठी, आणि प्रसंगी एखाद्या बाळंतिणीला बेळगावास पोहोचविण्यासाठी ती बिचारी अनेक वर्षे धावत आली आहे. तिच्या बाकीच्या खोडी आमच्या अंगवळणी पडल्या होत्या. परंतु गेल्या उन्हाळ्यात तिने एक नवीच खोडी काढली. चालकाच्या पायाशी, त्यातही उजव्या पायाशी, चुलीच्या तोंडाशी बसावे तशी धग लागू लागली.

प्रारंभी आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. वैशाखाचे दिवस, तापलेल्या रस्त्यावरून जाणारी गाडी तापणारच, अशी आम्ही मनाची समजूत घातली. पुढे वहाणेचा तळवा नरम पडू लागला, तेव्हा आम्ही ती काढून गाडी हाकू लागलो. जळत्या झुडपापुढे मोशेला वहाणा काढाव्या लागल्या होत्या, आम्हांस त्या ॲक्सिलरेटरपुढे काढाव्या लागल्या, असा विनोदही आम्ही केला. आमचे धर्मशिक्षक मास्तर शेजारी बसत असत. ते हसले नाहीत. त्यांचे डोके दुखत होते.

मास्तरांचे डोके त्या दिवसांत वरचेवर दुखे. वय सत्तरीचे, आणि रस्त्याला खाचखळगे पुष्कळ. म्हणून आम्ही त्यांस डोळे मिटून रोझरी म्हणण्याचा सल्ला देत असू. त्या सल्ल्याची आज आठवण झाली म्हणजे आम्हांस लाज वाटते.

एका कारखान्यात गाडी दाखविली. तेथील मनुष्याने आत न डोकावताच, गाडी जुनी आहे, एवढी उष्णता असावयाचीच, असे सांगितले आणि पायाखाली जाड रबरी चटई अंथरून दिली. धग किंचित कमी झाली. आम्ही पैसे दिले व समाधानाने परतलो.

मग जून उजाडला. एका संततधार पावसाच्या दिवशी एक आजारी आजीबाई, तिची लहान नात आणि मास्तर यांना घेऊन आम्ही बेळगावास निघालो. काचा अर्थातच घट्ट लावलेल्या. वाटेत नातीला वांती झाली, आजीबाई ग्लानीत गेल्यासारखी दिसू लागली, आणि आमच्याही कपाळावर दोरी आवळल्यासारखे झाले. रुग्णालयाच्या दारी उतरून घटकाभर मोकळी हवा लागताच नात पुन्हा खेळू लागली. मास्तर आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, “फादर, गाडीतून उतरले की माझेही डोके उतरते. हे वय नव्हे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही खानापुरातील एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी हत्याराला हात लावण्यापूर्वी प्रश्नच पुष्कळ विचारले. धग एकाच बाजूला लागते की दोन्ही? थंड दिवशीही लागते काय? चढणीवर वाढते काय? शांत चित्ताने पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूची आम्हांस आठवण झाली.

त्यांनी पहिला संशय हीटरवर घेतला. समोरच्या फळीमागे एक लहान रेडिएटर असतो. इंजिन थंड राखणारे पाणी, सुमारे 90 अंश तापलेले, दोन रबरी नळ्यांतून त्यात खेळते. झडप अडकली की कळ बंद असूनही ऊब आत येत राहते. मिस्त्रींनी झडपेच्या पुढची नळी चाचपली. ती गार होती. शिवाय हीटरची ऊब दोन्ही बाजूंस लागली असती. इंजिनाच्या तापमानाचा काटाही मध्यावरच होता. तेव्हा पाणी निर्दोष ठरले.

“गाडी रात्रभर इथेच ठेवा, फादर,” ते म्हणाले. सकाळी थंड इंजिन सुरू करताच आम्हांस टिक्‌ टिक्‌ असा बारीक ध्वनी ऐकू आला आणि पाचेक मिनिटांत तो विरला. लोखंड तापून फुगते व फट तात्पुरती मिटते, म्हणून तो विरतो, असे त्यांनी सांगितले. मग त्यांच्या मुलाने मागील नळाच्या तोंडाशी क्षणभर ओले गोणपाट दाबून धरले, तशी पुढे फुसकारा उठला. मॅनिफोल्डला सायलेन्सरचा नळ जेथे जोडलेला असतो, तेथील गॅस्केट जळून गेले होते. भोवती काजळी होती. आमच्या गाडीत तो नळ उजव्या अंगानेच खाली उतरतो. त्याची आच अडविणारा पातळ पत्रा केव्हाच गळून पडला होता.

तरी धूर आत कसा येतो, हे उरलेच. मिस्त्रींनी शेडचे दार ओढले, इंजिनापाशी दिवा लावला, ती जाड चटई काढली आणि आम्हांस खाली वाकून पाहावयास सांगितले. आम्ही झगा सावरून डोके आत घातले. स्टिअरिंगचा दांडा ज्या छिद्रातून पलीकडे जातो, त्याची रबरी टोपी कुजून फाटली होती आणि त्या फटीतून चंद्रकोरीसारखा उजेड येत होता. ज्या वाटेने उजेड, त्याच वाटेने आच, आणि त्याच वाटेने विष.

विष हा शब्द आम्ही अतिशयोक्तीने वापरीत नाही. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट बिलगतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, गुंगी येते; बंद जागेत तसेच बसून राहिल्यास मनुष्य झोपेतच जातो. ज्या गाडीतून आम्ही आजाऱ्यांना जगविण्यासाठी नेत होतो, तिच्यात आम्ही त्यांना हे पाजीत होतो. त्या दिवशी बेळगाव आणखी दूर असते तर, हा विचार अजूनही अपरात्री आम्हांस जागे करतो.

दुरुस्तीचा खर्च त्या चटईहून थोडासाच अधिक आला. नवे गॅस्केट, नवी टोपी, चार बोल्टांनी आवळलेला पत्रा. ती जाड चटई मिस्त्रींनी परत केली. ती सध्या सक्रिस्तीच्या दाराशी पाय पुसण्यासाठी आहे.

आम्ही मास्तरांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “असू दे फादर, रोझरी वाया गेली नाही.” अजूनही ते आमच्या शेजारीच बसतात. पायाशी आता गारवा असतो. तरी भर पावसातही ते आपल्या बाजूची काच दोन बोटे उघडी ठेवतात. त्यांची डावी बाही भिजून जाते, आणि आम्ही काही बोलत नाही.