ओवी, अर्थ, पाठभेद

पुस्तकाचा मजकूर हाताने सजवावा, या मताचा मी पक्का होतो. मथळा ठळक करावा, अक्षर मोठं करावं, वर-खाली जागा सोडावी, पान नजरेने जोखावं. वर्डमधल्या स्टाइल्स मला कार्यालयीन अहवालांपुरत्या वाटायच्या. संतसाहित्याचं संपादन असल्या साच्यात घातलं तर त्यातला जिवंतपणा जाईल, असं मी मनापासून मानत होतो. आता तसं मानत नाही.

मत बदललं ते ज्ञानेश्वरीतल्या निवडक ओव्यांचं पुस्तक लावताना. मूळ ओवी, गद्य अर्थ, कठीण शब्द, पाठभेद आणि माझं टिपण, असा पाच पदरी मजकूर होता. प्रत्येकासाठी वेगळी स्टाइल करून तिला नाव द्यायला बसलो आणि तिथेच अडलो. ज्ञानेश्वरीच्या राजवाडे प्रतीतला वेगळा पाठ ओवीखाली दिला, तर तो संहितेचा भाग मानायचा की संपादकाच्या टिपणाचा? हाताने सजवताना हा प्रश्न पडतच नसे. दोन्हींना बारीक अक्षर दिलं की काम भागायचं. आता नाव द्यायचं म्हणजे आधी ठरवणं आलं. पाठभेदाला मी स्वतंत्र स्टाइल दिली, आणि संहितेचा शब्द कुठे संपतो व माझा कुठे सुरू होतो, हे त्या पुस्तकात पानोपान स्पष्ट दिसू लागलं. हे निव्वळ सजावटीचं काम नव्हे, संपादनच आहे.

देवनागरीसाठी तर स्वतःच्या स्टाइल्स करण्याला पर्याय नाही. वर्डच्या तयार स्टाइलमध्ये रोमन अक्षरांचा फॉन्ट वेगळा असतो आणि देवनागरी ज्या गटात येते त्या 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'चा वेगळा. पहिला बदलून दुसरा तसाच ठेवला, तर मराठी मजकूर जागचा हलत नाही. ओळींमधलं अंतर नेमकं बांधून टाकलं आणि ते कमी पडलं, तर वरचे रफार-वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जातात. तिरप्या अक्षराची परंपरा आपल्या लिपीत नाही. इटॅलिकचं बटण दाबलं की बहुतेक फॉन्टमध्ये सरळ अक्षरच यंत्राने कलतं केलं जातं. म्हणून मी 'भर' नावाची अक्षर-स्टाइल केली. तो भर ठळक अक्षराने दाखवायचा की वेगळ्या फॉन्टने, हे शेवटी ठरवलं तरी चालतं. ओवीच्या स्टाइलमध्ये सगळे चरण एकाच पानावर राहतील आणि अर्थ तिला लागूनच येईल, अशी सोयही करता येते. पूर्वी त्यासाठी मी रिकामे एंटर मारत असे.

सगळ्यात खोलवर पोचली ती गोष्ट वेगळीच होती. दृष्टिहीन वाचक एनव्हीडीएसारख्या वाचक-प्रणालीच्या ब्राउझ मोडमध्ये 'एच' ही कळ दाबत मथळ्यामागून मथळा गाठतो. पण तो मथळा हेडिंग स्टाइलचा, किंवा निदान तिची पातळी दिलेला असावा लागतो. नुसतं ठळक, मोठं अक्षर म्हणजे त्या वाचकासाठी मथळाच नाही. माझ्या सुबक हातसजावटीत अशा वाचकाला पानं उलटायलाही वाव नव्हता. हे कळल्यावर जुन्या मताच्या बाजूने बोलावंसं काही उरलं नाही.

अर्पणपत्रिकेचं पान तेवढं अजून हाताने लावतो. तसा मजकूर पुस्तकात दुसऱ्यांदा येत नाही.